मेडिकलची परीक्षा: पीएल, प्रॅक्टिकल आणि नंतरची सुट्टी

पीएल, म्हणजे परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी, लागली की पहिल्या दिवशी सगळेच वेळापत्रक करतात आणि बहुतेकांचं ते आठवड्याच्या आत मोडतं. कारण साधं आहे. दिवस मोजलेले असतात, तास मोजलेले नसतात. तीस दिवस आणि तीन विषय, म्हणजे प्रत्येकी दहा दिवस, हा हिशेब कागदावर छान दिसतो. प्रत्यक्षात त्यातले दोन-तीन दिवस जर्नलवरच्या (प्रॅक्टिकलच्या वहीवरच्या) राहिलेल्या सह्या, हॉल तिकीट आणि एखादा ताप यांत जातात. शेवटचे तीन दिवस पहिल्या पेपरच्या उजळणीला राखावेच लागतात. उरले चोवीस. दिवसाला दहा तास खुर्चीत बसलात तरी डोकं खरोखर चालतं ते सहा-सात तास. म्हणजे एका विषयाच्या वाट्याला आले जेमतेम पन्नास तास. आता ॲनाटॉमी उघडा आणि त्या पन्नासात अपर लिंब, लोअर लिंब, थोरॅक्स, ॲब्डोमेन-पेल्विस, हेड-नेक, न्यूरो, हिस्टॉलॉजी, एम्ब्रिऑलॉजी बसवा. भागिले आठ केलं की सहा तास येतात, पण हेड-नेक सहा तासांत कुणाचंही होत नाही. त्याचे जादा तास कुठून काढायचे हे पहिल्याच दिवशी ठरवलं, तर पुढचं वेळापत्रक टिकतं.

विषयांचा क्रम उलटा लावायचा. जो पेपर सगळ्यात आधी, तो विषय पीएलच्या शेवटी वाचायचा. शेवटचा पेपर ज्याचा, त्याचं वाचन सुरुवातीलाच. पेपर जवळ आल्यावर जे ताजं हवं ते आपोआप ताजं राहतं. शेवटच्या पेपरच्या विषयाला तसेही मधले सुट्टीचे दिवस मिळतात. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी भीती वाटते तोच विषय आधी हातात घेण्याचा मोह होतो. मग बायोकेमिस्ट्री शेवटी उरते आणि दोन रात्रींत संपवावी लागते.

वाचायचं कसं, हा त्याहून मोठा प्रश्न. हायलायटर फिरवत तिसऱ्यांदा तेच पान वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि आपल्याला येतंय असा समज होतो. ओळखणं आणि आठवून सांगणं ही दोन वेगळी कामं आहेत. परीक्षेत दुसरं लागतं. मानसशास्त्रज्ञ हरमान एबिंगहाउसने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीला फार वेगाने विसरलं जातं आणि मग तो वेग मंदावतो. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांचे गट करून उतारे वाचायला दिले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा मधल्या वेळात पुस्तक मिटून आठवून लिहिणारे पुढे गेले. आपला पेपर पाच मिनिटांनी नसतो.

म्हणून एक टॉपिक वाचून झाला की पुस्तक मिटायचं, कोरा कागद घ्यायचा आणि येईल तेवढं लिहायचं. ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे हाताकडे जाणाऱ्या नर्व्हचं जाळं, घ्या. सी ५ ते टी १ अशी पाच मुळं, तीन ट्रंक, सहा डिव्हिजन, तीन कॉर्ड, पाच शेवटच्या शाखा. आधी हा सांगाडा, मग प्रत्येक ठिकाणाहून निघणाऱ्या बाजूच्या शाखा. पहिल्यांदा काढायला दहा मिनिटं लागतात आणि पोस्टीरियर कॉर्डच्या शाखा हमखास गाळल्या जातात. पुस्तक उघडून जे सुटलं तेवढंच लाल पेनाने भरायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरा कागद, मग चार दिवसांनी, मग दहा दिवसांनी. तिसऱ्या-चौथ्या खेपेला ती आकृती दीड मिनिटात येते, आणि पेपरात तिच्यासाठी तेवढाच वेळ असतो. लाल पेनाने भरलेले कागद जपून ठेवा, पेपरच्या आदल्या दिवशी तेवढेच वाचायचे असतात. आपल्या चुका कुठे होतात हे गाइडला माहीत नसतं.

तोंडी सराव पहिल्या आठवड्यापासूनच व्हायला हवा. दोघं किंवा तिघं पुरेत. चौथा आला की गप्पा सुरू होतात. रोज अर्धा तास, एकाने विचारायचं, दुसऱ्याने पूर्ण वाक्यात सांगायचं. मनात स्वच्छ दिसणारी इंग्विनल कॅनाल तोंडाने सांगताना कशी अडखळते, ते तेव्हाच कळतं.

थिअरी पेपराबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तीन तासांत शंभर गुणांचा पेपर असेल तर गुणामागे १.८ मिनिटं येतात. दहा गुणांच्या प्रश्नाला अठरा मिनिटं, त्याहून एक मिनिट जास्त नाही. नापास होणारे बरेचदा न आल्यामुळे होत नाहीत. पहिल्या मोठ्या प्रश्नावर पस्तीस मिनिटं घालवल्यामुळे शेवटचे चार छोटे प्रश्न कोरे राहतात म्हणून होतात. एखाद्या आजाराचं नाव पाहून काहीच सुचेना तर व्याख्या, कारणं, विकृती, लक्षणं, तपासण्या, उपचार, गुंतागुंती ही मथळ्यांची शिडी आधी समासात लिहून काढा. निम्म्या मथळ्यांखाली तरी काहीतरी सुचतंच. आकृतीत रोहिणी लाल, नीला निळी, नर्व्ह पिवळी, आणि नावं एकाच बाजूला सरळ रेषेत. तपासणाऱ्याच्या पुढ्यात गठ्ठा असतो.

दोन पेपरांच्या मधल्या दिवशी नवीन काही उघडू नका. झालेल्या पेपराची उत्तरं पडताळत बसणं तर त्याहून वाईट. त्यात संध्याकाळ जाते आणि हाती फक्त धास्ती लागते. रात्र जागायची की नाही यावर हॉस्टेलात दर वर्षी वाद होतो. शिकलेलं पक्कं बसण्यात झोपेचा हात असतो, त्यामुळे पहाटे चारपर्यंत वाचलेल्या वीस पानांच्या बदल्यात आधीच्या दोनशे पानांची धार जाते. कॅफीनचं अर्धं प्रमाण शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला घेतलेल्या कॉफीतलं निम्मं रात्री अकरालाही रक्तात असतं, आणि माणूस पुस्तकाला दोष देत कूस बदलत राहतो.

खरा कस प्रॅक्टिकलमध्ये लागतो. तिथे बराचसा भाग हाताचा असतो, आणि हात पीएलमध्ये तयार होत नाही. डिसेक्शन हॉल, लॅब, वॉर्ड बंद होण्याआधी जेवढं करून ठेवलं तेवढंच कामाला येतं.

स्पॉटर्सपासून सुरुवात करू. टेबलावर ओळीने भाग मांडलेले, प्रत्येकावर पिन किंवा दोरा, मिनिटाभराने घंटा. सगळ्यात घातक चूक ज्ञानाची नसते, क्रमांकाची असते. एक स्पॉट आला नाही म्हणून जागा न सोडता पुढचं लिहिलं, की त्यानंतरची सगळी उत्तरं एक घर सरकतात. स्टेशनवर पोहोचल्याबरोबर आधी तिथला क्रमांक वाचून लिहायचा, मगच भागाकडे पाहायचं. पाहतानाही पिनकडे लगेच पाहू नका. वरची बाजू कुठली, पुढची कुठली, डावं की उजवं, हे ठरवायला दहा सेकंद द्या. फॉर्मलिनमधल्या देहात पुस्तकातले लाल-निळे रंग नसतात, सगळं एकाच मातकट रंगाचं. तिथे बोटांना विचारावं लागतं, आणि हात लावायची मुभा नसेल तर कापलेल्या टोकाकडे पाहावं लागतं. रोहिणीची भिंत जाड, तोंड उघडं राहिलेलं. नीला चपटी, दबलेली. नर्व्ह भरीव, आत पोकळीच नाही.

हाडाची बाजू सांगताना तीन गोष्टी पुरतात: वरचं टोक, आतली बाजू, मागची बाजू. ह्युमरसचं डोकं वर आणि आतल्या बाजूला, ओलेक्रॅनन फॉसा मागे. फीमरचं डोकं तसंच वर-आत, लिनिया ॲस्पेरा मागे. क्लॅव्हिकलवर सगळे अडकतात. तिचं आतलं टोक जाड, बाहेरचं चपटं. आतला दोन-तृतीयांश भाग पुढे फुगलेला. सबक्लेव्हियसची खाच खालच्या अंगाला. हाड हातात धरून स्वतःच्या खांद्यापाशी ठेवून पाहिलं की उत्तर मिळतं, आणि परीक्षक त्याला हरकत घेत नाहीत.

स्लाइड आधी कमी पॉवरखाली. थेट जास्त पॉवर लावली की चार पेशी दिसतात आणि अवयव हरवतो. लहान आतड्याचे तीन भाग वेगळे ओळखायचे असतील तर विलाय मोजत बसू नका, सबम्युकोसाकडे बघा. ब्रुनर ग्रंथी दिसल्या तर ड्युओडेनम, पायर पॅचेस दिसले तर इलियम, दोन्ही नसतील तर जेजुनम. लाळग्रंथींचंही तसंच: पॅरॉटिड जवळजवळ पूर्ण सीरस, सबमँडिब्युलर मिश्र, सबलिंग्वल मुख्यतः म्यूकस.

हॉलमध्ये तासन् तास सराव करणाऱ्यांसाठी एक सूचना. कॉन्टॅक्ट लेन्स काढून चष्मा लावा, आणि हातमोजे नायट्राइलचे घ्या. फॉर्मलिनपुढे लॅटेक्स लवकर हार मानतं.

फिजिऑलॉजीत रक्तपेशींची मोजणी येते, आणि इथे बनावट आकडा लगेच पकडला जातो. लाल पेशींसाठी पिपेटमध्ये रक्त ०.५ खुणेपर्यंत, मग हेमचं द्रावण १०१ पर्यंत. झालं १:२०० प्रमाण. पांढऱ्या पेशींसाठी ०.५ पर्यंत रक्त आणि टर्कचं द्रावण ११ पर्यंत, म्हणजे १:२०. पिपेट नीट हलवल्यावर पहिले दोन-तीन थेंब टाकून द्यायचे, कारण नळीच्या दांड्यात नुसतं द्रावण असतं, त्यात पेशी नसतात. ते न टाकता चेंबर (मोजणीची आखीव काच) भरलं की आकडा कमी येतो, आणि पोरं मग रक्तदात्याला ॲनिमिया ठरवतात. थेंब कव्हरस्लिपच्या कडेला टेकवायचा, द्रव आपोआप आत खेचला जातो. खाचेत सांडला तर पुसून पुन्हा भरा. हवेचा बुडबुडा राहिला तरी पुन्हा भरा. दोन-तीन मिनिटं पेशी बसू द्या, मगच मोजा. चौकटीच्या रेषेवरच्या पेशी कुठल्याही लगतच्या दोनच बाजूंच्या धरायच्या आणि तो नियम शेवटपर्यंत पाळायचा.

लाल पेशी मधल्या मोठ्या चौकटीतल्या पाच घरांत, म्हणजे ऐंशी सूक्ष्म घरांत मोजायच्या आणि संख्येला १०,००० ने गुणायचं. पांढऱ्या पेशी कोपऱ्यांतल्या चार मोठ्या चौकटींत मोजून ५० ने गुणायचं. हे गुणक कुठून आले ते विचारतातच. पांढऱ्यांचं असं: चार चौकटींची सरासरी म्हणून भागिले ४, खोली ०.१ मिलिमीटर म्हणून गुणिले १०, पातळपणा २० पट म्हणून गुणिले २०, एकूण ५०. यावरून आपल्या मोजणीचा अंदाजही घेता येतो. पन्नास लाख लाल पेशी यायच्या तर ऐंशी घरांत पाचशेच्या आसपास दिसायला हव्यात. तुम्हाला नव्वद दिसल्या असतील तर गुणाकार करू नका, चेंबर पुन्हा भरा.

रक्तदाब सगळ्यांना सोपा वाटतो आणि तिथेच गुण जातात. रशियन डॉक्टर निकोलाय कोरोत्कोव्हने १९०५ साली कफ (दंडावरचा पट्टा) सैल करताना रोहिणीवर ऐकू येणारे आवाज सांगितले तेव्हापासून पद्धत फारशी बदललेली नाही. आधी नाडीवर बोट ठेवून कफ फुगवायचा, नाडी लुप्त होते तो आकडा धरायचा, मग त्याहून ३० मिलिमीटर वर नेऊन स्टेथोने ऐकत सेकंदाला दोन ते तीन मिलिमीटरने खाली यायचं. नाडीची पायरी का, असं विचारलं की बरेच जण गप्प होतात. काही रुग्णांत आवाज मध्येच बंद होतात आणि खाली पुन्हा सुरू होतात. नाडी पाहिली नाही तर त्या खालच्या आवाजालाच सिस्टॉलिक समजून वरचा दाब हुकतो. कफच्या आतल्या पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या ४० टक्के आणि लांबी ८० टक्के हवी. जाड दंडावर अरुंद कफ लावला की दाब खोटाच जास्त येतो.

क्लिनिकल वर्षांत लाँग केस येते. एक रुग्ण, साधारण पाऊण तास, मग परीक्षकासमोर मांडणी. आमच्या अनुभवात ज्याने घड्याळाकडे पाहिलं नाही त्याची केस अर्धवट राहिली. वीस मिनिटं हिस्ट्री, पंधरा तपासणी, उरलेली दहा कागदावर मांडणी करायला. हात धुणं, स्वतःची ओळख, परवानगी, पडदा ओढणं आणि तपासून झाल्यावर रुग्णाला पुन्हा पांघरूण घालणं ही कामं वेगळा वेळ घेत नाहीत, पण विसरली की लक्षात राहतात. परीक्षेच्या दिवशी त्या रुग्णाला सकाळपासून बऱ्याच जणांनी दाबलेलं असतं. हात गरम करून लावा आणि कुठे दुखतंय ते आधी विचारा. दुखरी जागा शेवटी. सौजन्याने वागवलेला रुग्ण पुष्कळदा स्वतःहून सांगतो की डॉक्टर काल सगळे इथे बोट ठेवून बघत होते.

पोटाच्या तपासणीत एक चूक वर्षानुवर्षं चालत आली आहे. यकृत आणि प्लीहा शोधताना हात थेट बरगडीखाली जातो. प्लीहा खूप वाढलेली असेल तर तिची कडा उजव्या इलियाक फॉसापर्यंत (ओटीपोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यापर्यंत) गेलेली असते, आणि बरगडीखाली ठेवलेला हात प्लीहेवरच असतो. कडा कुठेच लागत नाही आणि विद्यार्थी आत्मविश्वासाने सांगतो, प्लीहा लागत नाही. दोन्हींसाठी सुरुवात उजव्या इलियाक फॉसातून. यकृतासाठी सरळ वर, प्लीहेसाठी तिरकं डाव्या बरगडीकडे, आणि प्रत्येक श्वासाबरोबर हात थोडाच सरकवायचा.

स्टेथोची बेल, म्हणजे पडदा नसलेली खोलगट बाजू, अलगद ठेवायची. दाबून धरली की खालची त्वचाच ताणलेल्या पडद्याचं काम करते आणि मायट्रल स्टेनोसिसचा (हृदयाची मायट्रल झडप अरुंद होण्याचा) खालच्या पट्टीतला मर्मर हरवतो. तो ऐकायचा रुग्णाला डाव्या कुशीवर वळवून, श्वास सोडून धरायला लावून. पिशवीत स्टेथोशिवाय टॉर्च, मोजपट्टी, नी हॅमर, कापूस, सेकंदकाटा असलेलं घड्याळ आणि दोन ट्यूनिंग फोर्क असू द्या. कंपसंवेदनेसाठी १२८ हर्ट्झचा, रिने आणि वेबर या ऐकण्याच्या चाचण्यांसाठी ५१२चा. एकच फोर्क घेऊन आलेले पुष्कळ असतात आणि त्यांच्याकडे बहुतेक वेळा नको असलेलाच असतो.

पद्धत ऑस्कीची (ओएससीई, एकामागून एक स्टेशनं फिरत द्यायची प्रॅक्टिकल परीक्षा) असेल तर गणित बदलतं. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रोनाल्ड हार्डेन आणि सहकाऱ्यांनी ती १९७५ साली मांडली. कुणाला सोपा रुग्ण, कुणाला कडक परीक्षक, हा नशिबाचा भाग कमी करायचा म्हणून सगळ्यांना तीच स्टेशनं. तिथे यादीवर खुणा होतात, त्यामुळे मनात केलेली गोष्ट मोजली जात नाही. जे पाहताय ते तोंडाने बोलत जा. आणि एक स्टेशन बिघडलं तर ते दारातच सोडून पुढे जा. प्रत्येक स्टेशनचे गुण वेगळे, पुढच्या परीक्षकाला मागचं काही ठाऊक नसतं.

व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, पुढचा प्रश्न बहुधा तुमच्या शेवटच्या शब्दातून निघतो. ॲनिमियाची कारणं सांगता सांगता घाईत एखादं दुर्मिळ नाव टाकलं, की परीक्षक त्यालाच धरतात. जे समजावता येणार नाही त्याचा उच्चार करू नये. जे सगळ्यात चांगलं येतं ते वाक्याच्या शेवटी ठेवावं. मग खेळ आपल्या मैदानात राहतो. येत नसेल तर सरळ सांगा. परीक्षक विषय बदलतात, तर्क लढवत राहिलात तर तिथेच थांबतात. त्या संध्याकाळी विचारलेले प्रश्न लिहून ठेवा. मागच्या बॅचने लिहून ठेवलेल्या अशा वह्या छापील प्रश्नसंचांपेक्षा उपयोगी पडतात.

मग सुट्टी. पहिले तीन-चार दिवस नुसते झोपण्यात जातात आणि ते जाऊ द्यावेत. घरी पोहोचल्यावर रिपोर्टांच्या फायली पुढ्यात येतात. रिपोर्टावर छापलेली सामान्य मर्यादा वाचून दाखवा, एखादा शब्द समजावून सांगा, आणि तिथेच थांबा. औषध सुचवायचं नाही, चालू असलेलं बंद करायचं नाही, ज्यांनी तपासलंय त्यांच्याकडेच पाठवायचं. तिसऱ्या वर्षाला असताना एखादी साधी गोळी सांगायला काय हरकत, असं वाटतं. हरकत ही असते की चालू औषधांची पूर्ण यादी तुम्हाला कुणी सांगितलेली नसते.

संपूर्ण विषय सुट्टीत उघडण्यात अर्थ नाही, पण पुढच्या वर्षाचा पाया असलेले चार-पाच भाग हाताशी ठेवा. ऑटोनॉमिक नर्व्हस सिस्टिम पक्की नसेल तर फार्माकॉलॉजीचा पहिला महिना पाठांतरात जातो. रक्त गोठण्याची साखळी आणि आम्ल-अल्कली समतोलही तसेच. पीएच ७.३५ ते ७.४५, कार्बन डायऑक्साइडचा दाब ३५ ते ४५, बायकार्बोनेट २२ ते २६: हे आकडे डोक्यात असतील तर वॉर्डात पहिला एबीजी (रोहिणीतल्या रक्ताच्या वायूंचा रिपोर्ट) हातात आल्यावर घाबरायला होत नाही. क्लिनिकल वर्षाच्या मुलांना सुट्टी कमी असते, पण सुट्टीच्या दिवशी वॉर्डात गेलात तर एका रुग्णाभोवती बाराऐवजी दोघंच विद्यार्थी असतात. ड्युटीवरचे रेसिडेंट हाताशी काम देतात आणि शिकवतातही.

अँकी हे उजळणीच्या कार्डांचं ॲप वापरणाऱ्यांची सुट्टी वेगळ्याच कारणाने बिघडते. मुळातल्या सेटिंगप्रमाणे रोज वीस नवी कार्डं घेत गेलात, तर काही आठवड्यांनी रोजची उजळणी दोनशेच्या घरात जाते. दहा दिवस ॲप उघडलं नाही की परतल्यावर हजाराच्या पुढे आकडा दिसतो, आणि तो पाहून बरेच जण ॲपच काढून टाकतात. सुट्टीवर निघण्याच्या दोन आठवडे आधी नवी कार्डं शून्यावर आणा, रोजची उजळणी आपोआप ओसरते. परतल्यावर नवी कार्डं शून्यच ठेवून रोज दीडशे ते दोनशे जुनी उरका. डेक नव्याने सुरू करू नका, कार्डांचा इतिहास पुसला जातो आणि येत असलेलंही पहिल्यापासून करावं लागतं. झोपेची वेळ मात्र परतायच्या चार दिवस आधीपासून रोज तासाभराने अलीकडे आणावी लागते. पोस्टिंग आठला सुरू होतं आणि पहिल्याच दिवशी हजेरी घेतात.